गोव्याला पुन्हा जायचे की नाही, हे आधीच कोण ठरवते?

गोव्यातल्या एका रेल्वे स्थानकावर आम्ही तिघे पहाटे उतरलो होतो: मी, माझी आत्या आणि तिच्या जाऊबाई. फोंडा तालुक्यातल्या कुलदेवतेच्या देवळापर्यंत जायचे होते. बाहेर उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याने सांगितलेले भाडे ऐकताच जाऊबाई म्हणाल्या, "बघ, मी म्हणत होते ना, ही माणसे अशीच. बाहेरचा माणूस दिसला की लुटायचे." आत्या काही बोलली नाही. गाडी गावाबाहेर पडल्यावर मात्र तिने चालकाला सरळ विचारले, "बाबा रे, एवढे का घेतोस?" त्यावर त्याने सांगितले की तिकडून परत येताना गाडी रिकामीच आणावी लागते. दुसऱ्या गावातल्या थांब्यावरचे गिऱ्हाईक उचलले तर तिथले टॅक्सीवाले भांडायला उठतात, म्हणून जातानाच्या भाड्यात येतानाचे पेट्रोलही धरावे लागते. देवळापाशी उतरल्यावर त्याने दोघींच्या पिशव्या अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासाच्या पायरीपर्यंत नेऊन ठेवल्या.

घरी आल्यावर दोघींनी केलेली या प्रवासाची वर्णने मी स्वतंत्रपणे ऐकली. जाऊबाईंच्या सांगण्यात फक्त भाड्याचा आकडा होता आणि शेवटी, "पुन्हा जायचे तर स्वतःची गाडी घेऊन, नाहीतर जाऊच नये" हा निकाल होता. आत्याच्या सांगण्यात आकडा होता, पण त्याच्यामागोमाग रिकाम्या गाडीची अडचण आणि पायरीवर ठेवलेल्या पिशव्याही होत्या; पुढच्या वर्षी जायचे हे तिने बोलता बोलता गृहीतच धरले होते. गाडी तीच, भाडे तेच आणि चालकही तोच असताना दोघींच्या मनात परत जाण्याविषयी इतका फरक का पडला असावा? पर्यटनाच्या आणि समाजमानसशास्त्राच्या अभ्यासकांनी हा प्रश्न गेली अनेक दशके हाताळला आहे, आणि त्यांच्या उत्तराचा एक मोठा भाग असा आहे की परत येण्याचा निर्णय बऱ्याच अंशी प्रवास सुरू होण्याआधीच, आपल्या मनातल्या साचेबंद समजुतींनी आखून दिलेला असतो.

साचेबंद समजूत म्हणजे एखाद्या गावाच्या, प्रांताच्या किंवा देशाच्या सगळ्या माणसांना सरसकट लावलेले वर्णन. इंग्रजीत यासाठी रूढ असलेला 'स्टिरिओटाइप' हा शब्द मुळात छापखान्यातला आहे. जुळवलेल्या खिळ्यांवरून एकसंध धातूचा पत्रा ओतून घ्यायचा आणि त्यावरून कितीही प्रती एकसारख्या काढायच्या, त्या पत्र्याला हे नाव होते. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये तो शब्द माणसांविषयीच्या ठोकळेबाज कल्पनांसाठी वापरला आणि तिथून तो समाजशास्त्रात रुळला. त्यांचे मुख्य म्हणणे असे होते की आपण आधी पाहतो आणि मग मत बनवतो, असे बहुतेक वेळा घडत नाही. आपण आधी मत बनवतो आणि मग त्याप्रमाणे पाहतो. मराठीत आपण 'मनावर ठसा उमटला' म्हणतो. इथे ठसा आधीच तयार असतो आणि पाहिलेली प्रत्येक गोष्ट त्याच्याखाली दाबली जाते, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

गोव्याचा ठसा कसा तयार झाला हे पाहण्यासारखे आहे, कारण तो आपल्या अगदी शेजारी तयार झाला आणि त्याला आपणही हातभार लावला. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्यानंतरच्या काही वर्षांतच हणजूण आणि परिसरातल्या किनाऱ्यांवर पाश्चात्त्य हिप्पी येऊन राहू लागले. १९८० च्या दशकात युरोपातून थेट चार्टर विमाने उतरू लागली. हिंदी चित्रपटांनी आधी दारू पिऊन गाणारा, गळ्यात क्रूस घातलेला गोवेकर दाखवला आणि नंतर तीन मित्रांनी मोटार घेऊन किनाऱ्यावर जाण्याचे स्वप्न दाखवले. २००१ साली एका गाजलेल्या चित्रपटातल्या प्रसंगानंतर शापोऱ्याच्या किल्ल्यावर चढणाऱ्या तरुणांची रांग लागली ती आजही आहे. समुद्र, दारू, चर्च आणि निवांत माणसे या चार खिळ्यांवरून ओतलेला तो पत्रा इतका पक्का झाला की २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत हिंदू सुमारे ६६ टक्के, ख्रिश्चन सुमारे २५ टक्के आणि मुस्लिम सुमारे ८ टक्के आहेत हे सांगितले तर पुष्कळांना आश्चर्य वाटते. आकडे माहीत नसणे हा काही गुन्हा नव्हे. पण ज्या गोष्टी ठशात बसत नाहीत त्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत, याचा हा पुरावा आहे. पणजीहून फोंड्याला जाताना रस्त्यात जितकी देवळे लागतात तितकी मोजली तरी पुरे.

पर्यटनाचे अभ्यासक या जडणघडणीचे दोन स्रोत मानतात. क्लेअर गन यांनी १९७२ मध्ये केलेल्या मांडणीनुसार काही प्रतिमा आपोआप घडतात, म्हणजे घरातल्या गप्पा, शाळेतली पुस्तके, चित्रपट आणि बातम्या यांतून; आणि काही मुद्दाम घडवल्या जातात, म्हणजे जाहिरातींतून. पहिल्या प्रकारावर माणूस जास्त विश्वास ठेवतो, कारण त्यामागे कुणाचा विकण्याचा हेतू दिसत नाही. त्यामुळे राज्याच्या पर्यटन खात्याने जाहिरातीवर कितीही खर्च केला तरी, "माझ्या भावाला तिथे काय अनुभव आला माहितीये का?" या एका वाक्यापुढे ती जाहिरात फिकी पडते.

आता प्रश्न येतो की कोणती समजूत माणसाला परत आणते आणि कोणती त्याला कायमचे तोडते. इथे समाजमानसशास्त्रातली एक चौकट फार उपयोगी पडते. सुझन फिस्क, एमी कडी, पीटर ग्लिक आणि जुन शू यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की कोणत्याही समाजगटाविषयीच्या आपल्या समजुती प्रामुख्याने दोन मापांवर मोजता येतात. पहिले माप आपुलकीचे: हा माणूस माझे भले चिंततो की वाईट? दुसरे माप कर्तबगारीचे: जे त्याच्या मनात आहे ते करून दाखवण्याची धमक त्याच्यात आहे का? पर्यटनाच्या अभ्यासकांनी हीच मापे पुढे यजमान गावातल्या माणसांना लावली.

ही दोन मापे आपण रोज वापरतो. पुण्याच्या दुकानदाराविषयी महाराष्ट्रभर जी समजूत आहे ती तपासून पाहा: माल चोख, हिशेब चोख, वेळ चोख, पण गिऱ्हाइकाशी बोलणे तुटक. म्हणजे कर्तबगारी भरपूर आणि आपुलकी कमी. कोकणातल्या खाणावळीविषयीची समजूत नेमकी उलटी: मालक आग्रह करकरून वाढेल, पण खोलीत पाणी येईल की नाही हे देवाला ठाऊक. म्हणजे आपुलकी भरपूर आणि व्यवस्थेचा भरवसा कमी. या दोन्ही समजुती किती खऱ्या हा वेगळा विषय आहे. चोख वाटणाऱ्या पुणेकराने मला भर पावसात स्वतःची छत्री दिलेली आहे आणि मालवणात मी काटेकोरपणे चालवलेली घरे पाहिली आहेत. पण परत जाण्याचा विचार मनात येतो तेव्हा आपण त्या छत्रीचा विचार करत नाही, आपण ठशाचा विचार करतो.

दोन मापांच्या चार जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीतून वेगळी भावना उपजते, हा या चौकटीचा खरा गाभा आहे. आपुलकी आणि कर्तबगारी दोन्ही भरपूर असतील तर कौतुक वाटते. आपुलकी आहे पण कर्तबगारी कमी वाटते तिथे दयाबुद्धी येते, वडीलधाऱ्याने लहानग्याकडे पाहावे तशी. कर्तबगार आहेत पण आपले नाहीत असे वाटले की असूया येते, आणि दोन्ही कमी वाटले की तुच्छता. पुढे २००७ मध्ये याच संशोधकांपैकी तिघांनी या भावनांचा संबंध वागण्याशी जोडून दाखवला: आपुलकीचे माप ठरवते की आपण त्या गटाला मदत करू की त्याच्यावर चालून जाऊ, आणि कर्तबगारीचे माप ठरवते की आपण त्याच्याशी संबंध ठेवू की त्याला दुर्लक्षून पुढे जाऊ.

या दोन मापांत आपुलकीचे माप आधी वाचले जाते, आणि पर्यटकाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. परक्या गावी माणूस असहाय असतो. रस्ता ठाऊक नसतो, दर ठाऊक नसतात, भांडण झाले तर आपल्या बाजूने बोलणारे कुणी नसते. अशा वेळी समोरच्याचे काम किती नीटनेटके आहे यापेक्षा तो आपल्याला फसवणार तर नाही ना, हा प्रश्न मोठा असतो. म्हणून पाणी वेळेवर न आलेल्या खाणावळीत लोक पुन्हा जातात, आणि सगळे काही यथास्थित असूनही जिथे आपण नकोसे आहोत असे वाटले तिथे जात नाहीत. माझ्या मते पर्यटनाची धोरणे आखणारे इथेच चुकतात. ते रस्ते, दिवे आणि विमानतळ मोजतात, म्हणजे कर्तबगारी वाढवतात. पण ज्या समजुतीमुळे जाऊबाई परत जायला तयार नाहीत ती आपुलकीच्या मापावरची आहे, आणि ती नव्या उड्डाणपुलाने सुधारत नाही.

गोव्याच्या बाबतीत 'सुशेगाद' या एका शब्दाने दोन्ही मापे एकदम भरली जातात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, समाधानी असा. गोवेकर तो शब्द जगण्याच्या समाधानासाठी वापरतो. बाहेरचा माणूस मात्र त्याचा अर्थ आळशी असा करतो. माणसे गोड पण कामाची नव्हेत, अशी ही दयाबुद्धीची जोडी आहे. आता ही समजूत ज्यांच्यावर लादली जाते त्यांचा दिवस जवळून पाहावा. पाव भाजणाऱ्या पदेराची भट्टी रात्रीच पेटलेली असते आणि उजाडायच्या आत तो सायकलला टोपली बांधून, भोंगा वाजवत दारोदार पोई आणि उंडे पोहोचवतो. माडाची सूर काढणारा रेंदेर तीच झाडे रोज पुन्हा पुन्हा चढतो. रापण ओढणारी माणसे दोन्ही बाजूंनी दोर धरून जाळे किनाऱ्याला आणतात तेव्हा हॉटेलातला पाहुणा अजून झोपलेला असतो, आणि तो उठून किनाऱ्यावर येतो तोवर ती माणसे काम संपवून सावलीत बसलेली असतात. पाहुण्याला दिसते ते फक्त बसणे, आणि तेच तो घरी जाऊन सांगतो. दरडोई उत्पन्नात गोवा देशातल्या अगदी वरच्या राज्यांत आहे, ही गोष्ट त्या सांगण्यात कुठेच येत नाही.

समजूत एकदा बसली की ती अनुभवाचा हिशेब कसा बदलते हे थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये मांडले. ज्या गटाविषयी आपले मत वाईट आहे त्यातला कुणी वाईट वागला तर आपण ते त्याच्या स्वभावाच्या, रक्ताच्या खात्यावर लिहितो: "ही माणसे अशीच." तोच चांगले वागला तर मात्र ते परिस्थितीच्या, नशिबाच्या किंवा त्याच्या स्वार्थाच्या खात्यावर जाते: "आज कसा कोण जाणे बरा बोलला," किंवा "बक्षिशीसाठी केले असेल." आपल्या माणसांच्या बाबतीत हिशेब उलटा. मुंबईत रिक्षावाल्याने जवळचे भाडे नाकारले तर आपण म्हणतो, बिचाऱ्याची गाडी जमा करायची वेळ झाली असेल. गोव्यात टॅक्सीवाल्याने जास्त सांगितले तर आपण म्हणतो, गोव्याचे टॅक्सीवाले. आत्याने प्रश्न विचारला आणि तिला परिस्थिती कळली, म्हणून तिच्या हिशेबात ते भाडे परिस्थितीच्या खात्यावर गेले. जाऊबाईंनी तेच उत्तर ऐकले होते, पण त्यांना ते कारण वाटले नाही, सबब वाटली. भाडे जास्त होते हे मी नाकारत नाही. त्या थांब्यांच्या व्यवस्थेत पर्यटक आणि चालक दोघेही भरडले जातात आणि ती बदलायला हवी. मुद्दा एवढाच की व्यवस्थेचा दोष माणसांच्या स्वभावाच्या खात्यावर गेला की परत येण्याचा रस्ता बंद होतो, कारण व्यवस्था सुधारता येते, पण 'स्वभावाला औषध नाही' असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

वाईट समजूत माणसाला तोडते हे समजायला सोपे आहे. चांगली समजूतही तोडते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये गिऱ्हाइकांच्या समाधानाविषयी मांडलेला विचार असा की समाधान हे अनुभवाच्या उंचीवर अवलंबून नसते, अपेक्षा आणि अनुभव यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असते. साचेबंद समजूत नेमकी ती अपेक्षा ठरवते. पॅरिसमध्ये काम करणारे जपानी मानसोपचारतज्ज्ञ हिरोआकी ओटा यांनी १९८० च्या दशकात असे काही जपानी प्रवासी पाहिले, की ज्यांनी मनात अत्तराचे, चित्रांचे आणि सौजन्याचे पॅरिस बाळगले होते आणि प्रत्यक्षातल्या घाईच्या, तुटक बोलणाऱ्या शहराचा त्यांना इतका धक्का बसला की उपचारांची गरज पडली. असे रुग्ण अगदी थोडे असतात, पण त्याच दुखण्याचा सौम्य प्रकार आपल्यापैकी अनेकांना होतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुटला जाऊन, माणसांच्या खांद्यांमधून समुद्र पाहून परतलेला तरुण, "गोवा काही पूर्वीचा राहिला नाही" म्हणतो, तेव्हा त्याने पूर्वीचा गोवा पाहिलेलाच नसतो. त्याने तो पडद्यावर पाहिलेला असतो.

चांगल्या समजुतीचा आणखी एक तोटा आहे आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. चार खिळ्यांचा ठसा घेऊन गेलेला माणूस त्या चार गोष्टी पाहतो, त्यांची छायाचित्रे काढतो आणि समाधानाने परत येतो. त्याला विचारले तर तो गोव्याची स्तुतीच करील. पण पुन्हा जाणार का, या प्रश्नावर तो म्हणतो, "झालाय की आता गोवा." नेत्रावळीचे अरण्य, दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट, फोंड्याच्या बाजूची कुळागरे म्हणजे सुपारीच्या बागा, यांपैकी काहीच त्याच्या ठशात नव्हते, त्यामुळे ते पाहायचे राहिले असे त्याला वाटतही नाही. ठसा जितका लहान, तितका तो लवकर भरतो आणि गाव तितक्या लवकर 'पाहून होते'.

मग अनुभवाने समजूत बदलत नाही का? बदलते, पण आपण समजतो तितकी सहज नाही. रेने वेबर आणि जेनिफर क्रॉकर यांनी १९८३ मध्ये प्रयोगांतून दाखवले की समजुतीला छेद देणारी माणसे मोजकी असतील आणि समजुतीपासून फार वेगळी दिसत असतील, तर आपण त्यांना एका वेगळ्या कप्प्यात टाकतो आणि मूळ समजूत जशीच्या तशी ठेवतो. मराठीत यासाठी तयार वाक्य आहे: "तो फार चांगला होता हो, पण तो त्यांच्यातला वाटतच नाही." सहलीच्या कंपनीने दिलेला सुस्वभावी मार्गदर्शक, लहानपणी खायला घालणारी शेजारची गोवेकर काकू, ही सारी माणसे या कप्प्यात सुखाने राहतात आणि कप्प्याबाहेर ठसा शाबूत असतो.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सांगितले होते की दोन गटांतल्या माणसांच्या भेटीने पूर्वग्रह कमी व्हायचा असेल तर काही अटी पाळल्या जाव्या लागतात: दोघांचा दर्जा समान असावा, दोघांचे काही समान ध्येय असावे, त्यासाठी दोघांनी मिळून काम करावे आणि समाजातल्या अधिकारी मंडळींचा, कायद्याचा, रूढीचा त्याला पाठिंबा असावा. आता सामान्य पर्यटकाची भेट या अटींसमोर ठेवून पाहा. एक जण पैसे देतो, दुसरा सेवा देतो. एक जण सुट्टीवर आहे, दुसरा कामावर. भेट पाच मिनिटांची आणि एकाला जास्तीत जास्त वाचवायचे आहे, तर दुसऱ्याला जास्तीत जास्त मिळवायचे आहे. अशा भेटींनी पूर्वग्रह कमी होण्याऐवजी पक्का होतो, यात नवल काहीच नाही.

इथे फोंड्याच्या देवळांकडे परत यावे लागते, कारण गोव्यात पुन्हा पुन्हा जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा एक मोठा वर्ग किनाऱ्याकडे फिरकतही नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने साष्टी, तिसवाडी आणि बारदेशातली देवळे पाडायला सुरुवात केली तेव्हा भाविकांनी मूर्ती उचलून नदीपलीकडे, तेव्हा आदिलशाहीच्या ताब्यात असलेल्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात नेल्या. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. कवळ्याचे आजचे देऊळ सातारच्या शाहू छत्रपतींच्या काळात, नारोराम मंत्र्यांच्या पुढाकाराने, १७३८ च्या सुमारास उभे राहिले. मुंबई, पुणे, बेळगाव, कोल्हापूर इथली अनेक घराणी आजही लग्नानंतर जोडप्याला घेऊन तिथे जातात, अभिषेक करतात, ओटी भरतात आणि अग्रशाळेत एक रात्र राहून परततात.

ही माणसे परत येतात ती आवडीने की कर्तव्याने? रिचर्ड गिटलसन आणि जॉन क्रॉम्प्टन यांनी १९८४ मध्ये पुन्हा त्याच ठिकाणी सुट्टीला जाणाऱ्यांची पाच कारणे नोंदवली होती. नव्या ठिकाणी फसगत होण्याचा धोका नको. आपल्यासारखीच माणसे तिथे भेटतील याची खात्री. त्या जागेशी जडलेला जिव्हाळा. मागच्या वेळी राहून गेलेले पाहणे. आणि आपल्याला लाभलेला आनंद दुसऱ्या कुणाला दाखवणे. नीट पाहिले तर यातली पहिली दोन कारणे समजुतीवरच उभी आहेत, तर उरलेल्या तिहींना समजुतीच्या पलीकडे जाऊन त्या जागेशी थोडी तरी ओळख लागते. कुलदेवतेला येणारा माणूस पहिल्यांदा कर्तव्याने येतो. पण देवळातले भटजी त्याला विचारतात, "कुठले तुम्ही? आजोबांचे नाव काय?" आणि चोपडीत नाही तर आठवणीत तरी कुठेतरी घराण्याचा धागा सापडतो. आबोलीची वेणी विकणारी बाई आत्याला मागच्या खेपेची आठवण देते. इथे ऑलपोर्ट यांची अट पुरी होते: दोघे एकाच देवापुढे उभे असतात आणि पाच मिनिटांपुरता तरी दर्जा समान असतो. दोन-तीन खेपांनंतर 'गोव्याची माणसे' हा शब्दप्रयोगच मागे पडतो, कारण त्या जागी ठरावीक चेहरे आणि नावे आलेली असतात.

हे सांगताना एक खंतही नोंदवायला हवी. देवळांचा गोवा पाहणारी अनेक मराठी कुटुंबे किनाऱ्याच्या गोव्याविषयी तितकीच ठोकळेबाज बोलतात, "तिकडे काय, सगळे दारूडे." एकाच लहानशा राज्याचे असे दोन ठसे आपण बाळगले आहेत आणि ते एकमेकांना कधी भेटू देत नाही.

या सगळ्याची दुसरी बाजू यजमानाच्या मनात आहे. २०११ मध्ये गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. राज्याच्या पर्यटन खात्याच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये तिथे एक कोटीहून अधिक पर्यटक आले. जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ मध्ये म्हटले होते की पर्यटक वाढत जातात तसे यजमानांचे मन आनंदाकडून उदासीनतेकडे, तिथून वैतागाकडे आणि अखेर वैराकडे सरकते. गोव्यात बाहेरच्यांसाठी 'भायले' हा शब्द आहे आणि घाटावरून येणाऱ्यांसाठी 'घाटी' हा अधिक बोचरा शब्दही आहे. रस्त्याच्या कडेला बस थांबवून, गॅसची शेगडी मांडून स्वयंपाक करायचा आणि उष्टे तिथेच टाकून निघायचे, असे दृश्य तिथल्या माणसाने वर्षानुवर्षे पाहिले आहे. २०१९ मध्ये गोव्याने कायद्यात बदल करून किनाऱ्यावर उघड्यावर मद्यपान आणि स्वयंपाक करणाऱ्यांवर दंडाची तरतूद केली. महाराष्ट्राचा क्रमांक असलेली गाडी दिसली की त्या सगळ्याचा राग पुढच्या निरपराध कुटुंबावर निघतो. म्हणजे त्यांचाही एक ठसा आहे आणि त्याखाली आपण दाबले जातो.

जॅकी व्होरॉअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये यात एक आणखी पदर दाखवला: समोरचा गट आपल्याविषयी काय समजतो, याविषयीची आपली समजूत. परत जाण्याच्या इच्छेवर या समजुतीचा परिणाम फार खोल होतो असे मला वाटते. वाढप्या आधी परदेशी पाहुण्याच्या टेबलाकडे गेला की आपल्या मनात लगेच येते, "आपल्याला हे चिल्लर गिऱ्हाईक समजतात." कदाचित त्या टेबलाने आधी बोलावले असेल. पण आपण आखडतो, तुटक बोलतो, बक्षीस ठेवत नाही. वाढप्याला वाटते, ही माणसे अशीच. आणि पुढच्या कुटुंबाकडे तो खरोखरच उशिरा जातो. दोघांनी मिळून खोट्याला खरे केलेले असते, आणि घरी जाऊन आपण म्हणतो की तिथे मराठी माणसाला किंमत नाही.

परत येणार का, या प्रश्नाला दिलेले उत्तर आणि प्रत्यक्ष परत येणे यांत अंतर असते, हेही विसरून चालणार नाही. या विषयातले बहुतेक अभ्यास प्रश्नावलीवर चालतात. अमेरिकेत रिचर्ड लापियर यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एका चिनी जोडप्यासोबत देशभर प्रवास केला. तिथे चिनी लोकांविषयी तेव्हा तीव्र पूर्वग्रह होता. ते २५१ हॉटेले, मुक्कामाची ठिकाणे आणि उपाहारगृहांत गेले आणि फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे त्याच ठिकाणांना पत्राने विचारले की तुम्ही चिनी पाहुणे घ्याल का, तेव्हा उत्तर देणाऱ्या १२८ जणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी नाही म्हटले. कागदावर उत्तर देताना माणूस ठशाला उत्तर देतो. समोर सामान घेऊन थकलेले, नीट बोलणारे दोन जीव उभे राहिले की तो त्या जिवांना उत्तर देतो. पर्यटकाच्या बाबतीतही हेच धरून चालावे. 'पुन्हा कधीच नाही' म्हणणारे पुष्कळजण चुलत भावाच्या लग्नाला जातात आणि मत बदलून येतात, तर 'नक्की येणार' म्हणणाऱ्यांना रजा मिळत नाही.

अलीकडे गोव्याच्या पर्यटन खात्याने किनाऱ्यापलीकडचा गोवा दाखवण्यासाठी 'एकादश तीर्थ' या नावाने अकरा देवळांची यात्रा पुढे आणली आहे. किनाऱ्यांवरची गर्दी आणि वैताग पाहता प्रयत्न योग्यच आहे. मात्र एक पत्रा काढून दुसरा बसवला तर छापणे चालूच राहते. उद्या अकरा देवळे पाहून झालेला भाविकही "झालाय की आता गोवा" म्हणेल. गावातल्या घरात दोन दिवस राहायला मिळणे, टॅक्सीचे दर आणि त्यामागची कारणे थांब्यावर फलकाच्या रूपाने स्वच्छ लिहिलेली असणे, उशीर का झाला हे वाढप्याने दोन वाक्यांत सांगणे, या गोष्टी जाहिरातीत शोभून दिसणार नाहीत, पण दोषाचे खाते बदलण्याची ताकद यांच्यातच आहे.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. जाऊबाई यायला तयार नव्हत्या, पण त्यांच्या नातवाच्या लग्नानंतरची ओटी भरायची होती, म्हणून आल्या. आत्याने त्या चालकाचा नंबर जपून ठेवला होता. तो स्थानकाबाहेर उभाच होता. भाडे मागच्यापेक्षा थोडे वाढले होते. जाऊबाईंनी तोंड उघडायच्या आत तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "मावशी, मागच्या खेपेला तुमचा गुडघा दुखत होता, पुढे बसा, पाय पसरता येतील." त्या पुढे बसल्या. बोरी पुलावरून झुआरी ओलांडताना त्यांनी त्याला विचारले, "काय रे, मग आता परत रिकामाच जाणार का?"